शंभराच्या खाली

वडगावातले माग रात्री साडेनवाला थांबतात.
तोवर मी काही ऐकत नाही,
नुसत्या वायरी लावून ठेवते.

टेबलावर तिघे.
निपाणीची लग्नं रेकॉर्ड करून थकलेलं टेपमशीन,
संकेश्वरच्या तंबू टॉकीजमधला व्हॉल्वचा अँप,
आणि एक, ज्याला अजून डबाही नाही:
ओमाण्णानं उद्यमबागेत
पंपाच्या मोटारी बांधता बांधता
भंगारातल्या रेडिओच्या पत्र्यांवर
गुंडाळून दिलेला ट्रान्सफॉर्मर.
वेढे त्यानं कन्नडात मोजले, पैसे मराठीत.
मध्येच फोन वाजला आणि आकडा हरवला.
"असूंदे की," म्हणाला,
"धा-वीस हिकडंतिकडं. लगीन लावायचंय काय तेचं?"

मष्णूमामाचा ढोल माझ्या खोलीत
चहाच्या कपाला बशीवर नाचवतो.
फोनवर मात्र नाहीच.
त्याच्या राजोबानं खानापूर स्टँडावरून विचारलं,
"बाबा वाजवुलालेत का नुसतं हात हलवुलालेत?"

आवाज वाढवला, तर गंगव्वाचा गळा बुडतो.
त्या गळ्याला मी हात लावणार नाही.
त्यात जी खरखर आहे ती तिनं स्वतः कमावलीय.

म्हणून शंभरावर बांध घातला.
वरचं सगळं तसंच, कोरडं, स्वच्छ जाऊ दे.
खालचं तेवढं वळवायचं, मळवायचं,
आणि पुन्हा आणून सोडायचं मूळ पाण्यात.

टेपमधून ढोल आला तो उशी होऊन.
तासभर मला तो आवडलासुद्धा.
मग कळलं, मला झोप आली होती.

व्हॉल्वचा अँप तापला, गुरगुरला,
ढोल थांबला तरी गुरगुरत राहिला.
ही पन्नासची घरघर त्याची,
का बोळातल्या खांबाची,
शोधत मी दोनदा जिना उतरले.
खाली वॉचमन म्हणाला, "काय हरवलंय बाई?"

लोखंडाचं वेगळं आहे.
त्याला खोल सूर जड जातात, उंच सुरांची खबरही नसते.
सूर जितका खोल तितकं ते लवकर भरतं,
भरलं की काठावरून सांडतं:
ऐंशीचे दोनशे चाळीस, चारशे, पाचशे साठ.
फोनच्या त्या नखाएवढ्या स्पीकरला
ऐंशी म्हणजे काय ते ठाऊक नाही,
पण हे सांडलेलं ऐकून
कान आपणच मागे जातो, हिशेब जुळवतो,
आणि जिथं काही वाजत नाही तिथं
ढोल मांडून बसतो.

किती मिसळायचं?
आहे हे कळलं की जास्त झालं.
बटण मागं घेत घेत
काढल्यावर चुकल्यासारखं वाटेल
तिथं थांबले.

राजोबाचा फोन: "आले बाबा."
मामा स्वतः ऐकून गप्प.
मग म्हणाला, "ह्यो माझा न्हवं.
कातडं फाटायच्या आदला, त्यो हाय ह्यो."
मी म्हटलं, थोडा ओमाण्णाचा पण आहे.

डाव्या-उजव्यासाठी जोडी हवी होती.
ओमाण्णाकडं गेले, म्हटलं, असाच अजून एक दे.
तो हातातली तार न सोडता हसला,
"असाच? त्यो मोजलाय कुटं?"

मग एकच लावला, मधोमध.
तसंही शंभराच्या खालचं
हे इकडचं, ते तिकडचं असं
कानाला सांगताच येत नाही.

बॉक्ससाठी पत्रा कापायचा राहिलाय.
तोवर तो एका जुन्या साडीच्या तुकड्यावर,
उघडाच, थोडा कोमट.
सहाला माग सुरू झाले.