तारेतलं नाव

शाळेच्या पडवीत चादर ताणून
खंडारे सरांनी जपानी सिनेमा लावला.
खालून इंग्रजी अक्षरं पळायची.
सर सांगतील तेवढंच आम्हाला कळे,
आणि सर मधेमधे गप्प होत.

पडद्यावर एक बाई पांढरा पट्टा घेऊन रस्त्यात उभी.
येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना थांबवते,
एकेक टाका मागते लाल दोऱ्याचा.
हजार झाले की लेकाच्या पोटाला बांधायचा.
गोळी लागत नाही म्हणतात, सर म्हणाले.
मागून कोणी हसलं.
मी नाही हसलो.

आमच्या आजाची माय, गुंफाबाई.
चार लेकरं गेल्यावर पाचवं राहावं म्हणून
तिनं घरोघर चिंध्या मागितल्या,
तेलणीची, कोष्टिणीची, जिच्याशी बोलणं नव्हतं तिचीही,
आणि आंगडं शिवलं.
पोराला उकिरड्यावर लोळवलं, नाक टोचलं,
नाव ठेवलं उकंडा.
मरणानं यादी वाचता वाचता
या नावाशी नाक मुरडावं, पुढं जावं,
एवढाच हिशेब.

दारव्ह्याला भरती आली तेव्हा
नाव ऐकून कारकून खो खो हसला.
उकंडा लाजला. म्हणाला, उत्तम लिहा.
छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, मग कलकत्ता, मग बर्मा.
पत्रात एकच: मीठ खाल्लं त्यांचं, माय,
मधून उठून येता येत नाही.
वाचून दाखवणारा पोस्टमन
खालची सही वाचत नसे.

तार आली ती उत्तमची.
गुंफाबाई जवारी पाखडत होती. सूप थांबलं नाही.
'या घरी उत्तम नावाचं कोनी नाही, बापा.
कोन्या मायचं लेकरू हाय थे पाहा,
तिले सांगा लवकर.
वाट पाह्यत असंन बिचारी.'

पेन्शनच्या कागदावर अंगठा दिला नाही.
अखजीला पितरांच्या पानात त्याचा घास काढला नाही.
मरेपर्यंत.

पडद्यावर आता त्या बाईचा पोरगा जंगलात.
वारा आला, चादर फुगली,
त्याचं तोंड वाकडं झालं, परत सरळ झालं.
बंदूक आमच्याकडं.
हाच असेल, असं आत कुठंतरी आलं.
आणि हेही, की ती बाई आमच्या दारात आली असती
तर गुंफाबाईनं सूप बाजूला ठेवून
टाका घातला असता.

माझ्या पोरीनं विचारलं, त्याचं नाव काय?
आलं होतं मघाशी, सर म्हणाले,
लक्षात नाही राहिलं.

बरं झालं, म्हटलं मी.