शेऱ्याचा रकाना

रुस्ताकच्या वर जिथे डांबर संपतं
तिथून पायी पाऊण तास.
खांद्यावर दोन जाळी, बादली, मोजायची फळी
आणि वही. ही आठवी.
पहिल्या तीन माझ्या अक्षरात नाहीत,
एका जर्मन माणसाच्या तिरक्या, घाईच्या अक्षरात आहेत.

मार्चात एकदा, ऑक्टोबरात एकदा,
तेच चौदा डोह.
वरच्या तोंडाला जाळं, खालच्या तोंडाला जाळं, मग तीन फेऱ्या.
पकडायचं, फळीवर निजवायचं, मिलिमीटर म्हणायचे मोठ्याने,
शेवटी सगळे पाण्याला परत.
पाण्याची खोली, ऊन, शेवाळ, तळाचे गोटे, सगळ्याला रकाना आहे.
उजवीकडे शेवटचा, दोन बोटं रुंद, शेऱ्याचा:
ढगाळ. शेळ्या पाणी पिऊन गेल्या. जाळं फाटलं.

पहिल्यांदा तळहातावर आला तेव्हा
मी ओरडलेच, अगं बाई, मळ्या!
आमच्या चंदगडच्या ओढ्यातल्याचा हा चुलतभाऊ.
तोच खाली वळलेला ओठ,
कातळाला चिकटून धारेत उभं राहायची तीच खोड.
हमूदने ळचा ल केला
आणि तेव्हापासून या वादीत निदान दोन माणसं
त्याला मल्या म्हणतात.
पाय बुडवले की येतो, टाचांच्या भेगा कुरतडतो.
याला मात्र रकाना नाही.

डोह सहा: एक्केचाळीस, सतरा, पाच.
आकडे असे उतरत गेले
की न सापडलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.
मला हे गणित आवडतं.
हाताला न लागलेलं हिशेबात धरणारं
दुसरं काही मला शिकवलं नाही कोणी.

वादळाच्या वर्षी डोह नऊ गेला.
गुडघाभर पाण्याच्या जागी टेम्पोएवढा धोंडा,
वर खजुरीत अडकलेला कुणाचा तरी गॅस सिलिंडर.
तरी आम्ही तिथे थांबतो, लिहितो: खोली शून्य.
नसलेलंही मोजून ठेवावं लागतं,
नाहीतर परत आलेलं ओळखायचं कसं?

मग तीन वर्षं आभाळ कोरडं.
डोह सहा घोटाभर. शून्य.
दुसरी फेरी कशाला, हमूद म्हणाला.
केली. शून्य. तिसरीही केली.

त्या संध्याकाळी गावात कॉफी पिताना
हमूदची आत्या, शम्सा बिंत खलफान, मला म्हणाली,
बाई, तू सगळ्यांचे मोजतेस, माझे का नाही?
घरामागे फलजचं पाणी पडतं ती सिमेंटची टाकी.
तिने हात बुडवला, आणि
तळाचा काळोख हलला.

डोह आटायला लागला की मी आणते, पातेल्यात.
वादी वाहिली की सोडते.
आई सोडायची. तिची आईही.
डासांच्या अळ्या खातात, आणि
तिथे मरायला कशाला ठेवायचे?

मी हमूदकडे पाहिलं. तुला माहीत होतं?
त्याने खांदे उडवले:
फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं.

माझ्या आलेखात डोह सहाला दोन चढण्या आहेत.
मस्कतच्या गार सभागृहात मी त्यांच्यावर
काठी ठेवून बोलले होते, वीस मिनिटं:
प्रवाह कसा आपला आपण सावरतो.
टाळ्या पडल्या होत्या.

रात्री गेस्टहाऊसात वही उघडली.
डोह सहा. शून्य, शून्य, शून्य.
शेऱ्यात लिहिलं: टाकीत तेवीस. पातेलं. शम्सा.
रकान्यात मावेना, समासात गेलं.

मग मागच्या सगळ्या काढल्या, एकेक, उलट्या क्रमाने.
पहाटे पहिल्या वहीशी पोचले.
डोह सहा, ऑक्टोबर, ते तिरकं अक्षर:
काठावर एक बाई. हातात भांडं.
पुढे प्रश्नचिन्ह,
आणि ते कुणीतरी खोडलेलं.