मुका बडग्या

शेषराव हेडाऊंनी औंदा
बडग्या केला कुलपाचा.
बांबूच्या कमच्या, तार, रद्दी, मैद्याची खळ,
आणि छातीत किल्लीच्या भोकाचा एकच डोळा.
"कोनाचं कुलूप होय, काका?"
"इकत घेतलेल्या पुस्तकाले लावते नं, त्याईचं."

प्रणोती त्यांची धाकटी. तिला दिसत नाही.
बँकेच्या परीक्षेचं पुस्तक, सहाशे चाळीस रुपये,
फोनवर आलं, उघडलं, पानंही उलटली.
फोन तिला सगळं वाचून दाखवतो,
वीजबिल, मयतीचे मेसेज, लग्नपत्रिकेतली मामांची यादी.
या पुस्तकापाशी येऊन म्हणाला,
वाचून दाखवायची परवानगी नाही.

महालातले वकील भले माणूस, फी घेतली नाही.
म्हणाले, कायद्यात तुमच्यासारख्यांसाठी
एक फट ठेवली आहे.
पण कुलूप काही कायदा वाचत नाही, बाई.

तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बडग्या निघाला.
नेहरू पुतळ्यापाशी काळी-पिवळी भेटल्या
तेव्हा मी एका दवाखान्याच्या जिन्यावर,
हात वर, फोन सुरू.
घसा फाटेस्तोवर आमची ओळ ओरडत होती,
कुलपाले, किल्लीवाल्याले
घेऊन जा गे मारबत!

रात्री व्हिडिओ टाकला. सकाळी मुका.
मागे बँड वाजत होता,
त्यातल्या चौदा सेकंदांची चाल
कोण्या कंपनीच्या मालकीची निघाली.
चौदा सेकंदांपायी अकरा मिनिटं नेली.
काकांचा आवाज नेला, पोरांच्या पिपाण्या,
माझी शिंकसुद्धा.
खाली एक अर्ज : आपला हक्क सिद्ध करा.
शिंक माझी आहे, असं लिहिलं. खोडलं.
मारबत कोणाची,
या रकान्यात काय भरू?

प्रणोतीनं फोन कानाला लावून धरला
पूर्ण अकरा मिनिटं.
म्हटलं, अगं, काही नाही त्यात.
"माहीत आहे," ती म्हणाली,
"माह्या पुस्तकातबी असंच ऐकू येते."

बडग्या तर आदल्या संध्याकाळीच जाळला होता.
कागद गेला, बांबू गेला,
दाराशी तारेचा सांगाडा पडलेला,
वाकडा, काळा, पण कुलपाचाच आकार.
काकांनी तो पायानं दाबून पाहिला.
"राहू दे," म्हणाले,
"पुढच्या सालीबी लागन."