दोन्ही हात चिखलात

आधी अंगठा लागायचा.
गळ्याच्या भोकावर दाबून धरला
की आतला वारा वळून वर जायचा
आणि मी बोलायचो, खरखरीत,
कोरड्या मडक्यावर नख ओढावं तसा.
बिडीचं काय ते विचारू नका.
निपाणीची होती, फुकट नव्हती.

पण मी खानापूरचा कुंभार.
चाक फिरत असताना
अंगठा कुठं असतो? गाडग्याच्या पोटात.
एक शब्द बोलायचा तर चाक थांबवा,
हात धुवा, पुसा, नखं बघा,
तोवर गिऱ्हाईक पुढच्या ढिगाशी.
शेवंता म्हणायची, बरं झालं,
शिव्या तरी कमी झाल्या.

मग दवाखान्यात विद्याश्री बाईंनी
ही झडप दिली.
गळ्याला चिकट चकती, चकतीत झडप.
नुसता श्वास घेतला-सोडला तर उघडी,
जरा जोर दिला की मिटते, हात न लावता.
जरा म्हणजे किती, तेच शिकायला
दोन महिने गेले.
"मेल्लगे, अज्जा, मेल्लगे," बाई म्हणायच्या,
आणि मी चकतीच उडवायचो.
फस्स.
हा आवाज कानडीत नि मराठीत एकच.

एके दिवशी म्हणाल्या, या शहराचं नाव घ्या.
मी म्हणालो, बेळगाव.
त्या म्हणाल्या, अजून वारा शिल्लक आहे,
बेळगावी म्हणा.
त्या एका वेलांटीपायी
इकडं बसच्या काचा फुटल्यात.
मी बाईंकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं,
आणि दोघं असे हसलो
की झडप खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडली.

आव्याच्या धगीत गोंद अजून सुटतो.
खोकला आला तर घाईनं काढावी लागते,
तेव्हा मातीचे हात काही बघत नाहीत.

पण परवा कोपरापर्यंत चिखल,
चाक भरात,
आणि रस्त्यावरून मारुती देसुरकर ओरडला,
"काय करूलास रे मल्लाप्पा?"
"गाडगं! दिसत न्हाई?"
चाक फिरतच होतं.
दोन्ही हात जिथं होते तिथंच.
फक्त काठ एका बाजूला
जरासा हबकला.

तसंच भाजलं.
शेवंता त्यात मीठ ठेवते.
पावणे विचारतात, हे असं वाकडं का?
ती माझ्याकडं बोट करते.
सांगतो, म्हणतो मी,
आधी श्वास घेऊ द्या.