सात नंबर

डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका –
कानाझावाची ही म्हण
तोमिएबाई तिसऱ्यांदा सांगतात.
त्यांचं पिवळं निशाण भिजून काठीला चिकटलंय.
अकरा जणांतले उरलोय चार;
बाकीचे बसमध्ये, मोजे पिळत.

धुक्याकडे हात करून म्हणतात, "हा किल्ला."
आम्ही माना डोलावतो, विश्वासानं.

सामुराईंच्या गल्लीतल्या मातीच्या भिंतींना
हिवाळ्यात गवताच्या चटया पांघरतात म्हणे.

मग एका वाहनतळापाशी त्या थांबतात.
नकाशात इथे काहीच छापलेलं नाही.
डांबरावरच्या सात आकड्याकडे बोट:
"इथे बसून वडील
छत्र्या दुरुस्त करायचे."

कुणी फोटो काढत नाही.

पांढरी मोटार मागे मागे येत
सातवर लागते.
आम्ही बाजूला सरकतो.
तोमिएबाई चालकाला वाकून नमस्कार करतात.