तडजोडनामा

बोळ अडीच फूट. टेपचं एक टोक मी धरलं होतं,
दुसरं सुताराच्या आक्काताईंनी.
या भिंतीला रंगराव नेजदार, त्या भिंतीला बाळगोंडा मगदूम,
दोघंही श्वास धरून,
जणू श्वासानं बोळ इंचभर सरकेल.

अकरा वर्षं. बावड्याच्या कोर्टात सदतीस तारखा.
तंटामुक्तीच्या बैठकीत हिंदुराव तात्या म्हणाले,
"अडीच फुटातनं म्हस सुदीक जाईना,
आणि तुम्ही वकिलाच्या दोन पोरी उजवल्यासा."
ग्रामपंचायतीचा पंखा तेवढा कुरकुरला.
मग चहा आला. मग पुन्हा चहा.
बाळगोंडानं बशीत ओतला, फुंकला,
आणि बशीकडंच बघत म्हणाला, "बोळ त्येलाच द्या."
रंगराव ताडकन उठला, "भीक नगं मला!"
त्यावर आणखी एक तास गेला.

शेवटी ठरलं, बोळ कुणाचाच नाही.
लिहिणारा मी.
'वादाचे कारण' या रकान्याला
छापखान्यानं एकच ओळ ठेवलीय.
अकरा वर्षं बारीक अक्षरात दाबून बसवली,
तरी 'पागोळी' हा शब्द समासात गेलाच.
दोघांनी सह्या केल्या,
कोर्टात करून करून वळण आलेल्या.

पायरीवर चपला शोधताना
बाळगोंडा हळूच म्हणाला,
"क्लार्क, आता बुधवारचं काय?"

मला कळेना. मग कळलं.
आठची एसटी गावातून एकच.
वादी खिडकीशी, प्रतिवादी शेजारी,
मांडीवर पिशव्या,
पिशव्यांत एकमेकांविरुद्धचे कागद,
एकाची भाकरी, दुसऱ्याचा खर्डा.
पुढची तारीख पडली की पंचगंगेच्या घाटावर
पाय सोडून बसायचे परतीच्या गाडीपर्यंत.
बोलायचे नाहीत.
बोलायला वकील होते.

बोळात आता पपई उगवलीय.
कुणी लावली नाही. कमरेला लागते.
आज दोघं कार्यालयात आले,
अंघोळी करून, धुतलेल्या टोप्या घालून.
रंगराव म्हणाला, "झाड ह्येचं हाय."
बाळगोंडा म्हणाला, "झाड ह्येचं हाय."
"मग वाद कसला?"
"ह्योच की."
मी कपाटातून कोरा नमुना काढला.
रंगराव टेबलावर वाकला,
"बैठक तेवढी बुधवारी धर.
आणि हितं नगं,
जरा लांब कुठं तरी घे."