चौथा साक्षीदार

सकाळी आठला रोव्हरची काठी रोवली
मन्मथ आणि हावगीरावच्या मधल्या बांधावर.
चुलत भाऊ. सात वर्षं बोलणं नाही.
आज दोघंही माझ्याशी बोलतात, एकदमच.

"ताई, काय बघूलालाव वर?"
मसाजी विचारतात. वय ऐंशीच्या पुढं.
औशाच्या या शिवारात त्यांनी साखळी ओढलेली,
एक टोक त्यांच्याकडं, दुसरं मोजणीदाराकडं,
मधे बाभळी, विंचू,
आणि उन्हानं तापून लांबलेलं लोखंड.

म्हणाले, वरून कुणी बघत नाही आपल्याला.
वीस हजार किलोमीटरवर ते फक्त हाका देत फिरतात
गस्तीवरच्या जागल्यासारखे:
आत्ता इतके वाजले, मी इथं आहे.
आत्ता इतके वाजले, मी इथं आहे.
ती हाक खाली यायला जो उशीर लागतो,
पापणी लवायच्या आत संपणारा,
तेवढाच आम्ही मोजतो.
जमीन नाही, मसाजी. उशीर.

"मंग तिघं पुरे की.
एकापासून इतकं लांब, दुसऱ्यापासून तितकं,
तिसऱ्यानं गाठ मारली. साखळीतबी तसंच व्हतं."

खरंय. पण त्यांच्याकडं अणूची घड्याळं,
आणि माझ्या यंत्रातलं बाजारातलं.
सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला
तर हा बांध तीनशे मीटर सरकून
पाझर तलावात जाऊन बसेल.
म्हणून चौथा लागतो.
चौथ्याशिवाय कळत नाही
माझंच घड्याळ किती चुकलंय ते.

मसाजी हसले. दात दोनच.
"म्हंजे चारचौघं.
चारचौघांत आल्याबिगर
मानसाला सोताची चूक दिसत न्हाई."

याच आभाळाखाली
पाण्याचा टँकर कुठल्या विहिरीवर किती वेळ थांबला
ते कचेरीत ठिपक्यावरून कळतं,
एकशे आठची गाडी रात्री तांड्यावर पोचते,
आणि हावगीरावचा धाकटा पुण्यात
अनोळखी दारांवर जेवण पोचवतो.
त्याला म्हणे कुणाला रस्ता विचारावा लागत नाही.
हावगीराव हे सांगतात तेव्हा
आवाजात अभिमान आहे की दुसरंच काही, कळलं नाही.

वाद लिंबापाशी आहे.
लिंबापाशीच असणार.
काठी तिथं नेली की फिक्स जातो, फ्लोट येतो.
पानांत हाका अडकतात, काही पत्र्याच्या शेडवर आपटून
वाकड्या वाटेनं येतात
आणि खोटं अंतर सांगतात.
जिच्यासाठी सात वर्षं,
नेमकी तेवढीच जागा आभाळाला दिसत नाही.

उघड्यावरचे दोन बिंदू घेतले, टेप धरला,
गणित करून बुंध्याशेजारी खुंटी ठोकली.
मसाजी खुंटीकडं बघत राहिले.
मग खुरपं मागितलं
आणि वीतभर अलीकडं उकरायला बसले.
दीड हात खाली हद्दीचा दगड,
मुळ्यांच्या मुठीत, वर छिन्नीची फुली.
"ह्यो म्याच पुरलेला."

दगड म्हणतो इथं, आभाळ म्हणतं तिथं.
झाडानं ढकलला असेल.
साखळी त्या दिवशी जास्त तापली असेल.
खासरापत्रकाच्या नकलेवर शाई पसरलीय, ती नेमकी या कोपऱ्यात.
किंवा माझा टेप ढिला.

भावांतला एक, कोण ते लिहीत नाही,
म्हणाला, "वीतभर राहू द्या की."
दुसऱ्यानं लगेच विचारलं,
"कुनाकडं राहू द्या?"

मी दोन्ही खुणा नकाशावर दाखवल्या.
तीन सह्या झाल्या.
चौथ्या रकान्यात मसाजींचा अंगठा.
तो पदराला, म्हणजे धोतराच्या सोग्याला पुसत
त्यांनी विचारलं, "वेळ काय टाकूलालाव?"

माझ्या मनगटावर बारा पाच.
यंत्रावर बारा दोन.

बारा दोन, म्हणाले,
आणि मनगटावरचा काटा मागं घेतला.